पाणाड्याचा नारळ आणि आपला काळा पाषाण



खोडवा माना टाकू लागला की घरात बोअरचा विषय निघतो. मग पाणाड्या येतो. तळहातावर नारळ आडवा धरून बांधाबांधाने फिरतो. नारळ उभा राहिला की तिथे चुना टाकायचा. आमच्या रानात असे तीनदा झाले. पहिल्या बोअरचे पाणी एक उन्हाळा टिकले. बाकी दोन्हींतून नुसता फुफाटा! सोसायटीचे कर्ज मात्र तिन्हींचे. पाणाड्याला शिव्या देऊन झाल्या, पण खाली दगड कसला आहे हे आम्ही तरी कुठे विचारले होते?

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हारस पुन्हापुन्हा वाहिला आणि थरावर थर थिजत गेला. राज्याचा चार-पंचमांशाहून अधिक भाग याच दगडाचा. सह्याद्री पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो तो त्यामुळेच. शास्त्रज्ञ याला 'ट्रॅप' म्हणतात. शब्द स्वीडिश, अर्थ जिना. याच सलग दगडात बौद्ध भिक्षूंसाठी लेणी कोरली गेली आणि लोकांनी नाशिकच्या लेण्यांना नाव दिले पांडवलेणी. एवढे अवघड काम माणसाचे नव्हेच, असे वाटले असणार.

विहीर खणणारे जुने गडी हे थर नावाने ओळखत. वर मुरूम. मग मांजऱ्या, म्हणजे लाव्हातल्या वाफेच्या बुडबुड्यांची भोके पांढऱ्या खड्यांनी भरलेला खडक. हा लवकर झिजतो, फुटतो आणि पाणी धरतो. खाली काळा पाषाण; त्यात पाणी फक्त चिरांमध्ये. दोन थरांच्या मध्ये कुठेकुठे तांबड्या मातीचा पट्टा लागतो, तिथे बोअर ढासळते. म्हणजे आपला खरा साठा वरच्या झिजलेल्या भागात, विहिरीच्या आवाक्यात. खोल गेले की जास्त पाणी, हा हिशेब या दगडात बसत नाही. चीर लागली तर लागली.

वराहमिहिराने सहाव्या शतकात 'बृहत्संहिते'त झाडे आणि वारुळे पाहून पाणी ओळखण्यावर एक अख्खा अध्याय लिहिला. माझा नारळावर विश्वास नाही, उंबरावर थोडा आहे. त्याची मुळे ओल शोधत जातात, नारळ काही शोधत नाही.

आता कायद्याकडे येऊ. खोल बोअरची चीर पुष्कळदा शेजाऱ्याच्या, नाहीतर गावाच्या विहिरीला मिळालेली असते. आपण उपसतो, तिकडे तळ दिसतो. म्हणून १९९३ च्या कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर घ्यायला मनाई केली. त्याच्या जागी २००९ चा भूजल कायदा आला, तो २०१४ पासून लागू झाला. त्यात शेती व उद्योगासाठी ६० मीटर, म्हणजे साधारण २०० फुटांहून खोल बोअरला बंदी आहे. आपल्या शिवारात हा कायदा किती पाळला जातो ते रात्री बोअरच्या गाडीचा आवाज ऐकणाऱ्याला सांगायला नको.

चौथे बोअर आम्ही घेतले नाही. विहिरीच्या आतल्या कडेला तेलरंगाने फुटांच्या खुणा केल्या. दसऱ्याला आणि मे अखेरीस पाणी कुठल्या खुणेला आहे ते वहीत मांडतो आणि त्यावरून लागण किती गुंठे करायची ते ठरवतो. यंदा पाऊण एकर कमी केली. धाकटा भाऊ अजून नाराज आहे.