खाडीवर जाण्याआधी तिथी बघा

वसईच्या खाडीवर शरदातली संध्याकाळ टिपायला निघालात, तर ॲपवर सूर्यास्ताची वेळ बघण्याआधी भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघा. वसई रोड स्टेशनवरून बस किंवा शेअर रिक्षा थेट किल्ल्याकडे सोडते, तिथून बंदर चालत गाठता येतं. इतकं सोपं म्हणूनच माणसं तयारी न करता जातात.

एका कोजागरीला आम्हीही असेच गेलो. पश्चिमेला सूर्य बुडेल, पूर्वेला चंद्र वर येईल आणि मध्ये भरलेली खाडी, असं चित्र सगळ्यांच्या डोक्यात होतं. बंदरावर पोचलो तर पाणी पार आत गेलेलं. होड्या कुशीवर कलंडलेल्या, तिवरांच्या मुळ्यांत प्लॅस्टिकच्या पिशव्या अडकलेल्या आणि उरलेला सगळा करडा चिखल. सोबतचा मित्र पाण्यातलं प्रतिबिंब मिळावं म्हणून धक्क्यावरून खाली उतरला आणि चार पावलांत गुडघ्यापर्यंत रुतला. पाय उपसायला जावं तर दुसरा आणखी खोल. जाळं विणत बसलेल्या एका कोळी काकांनी फळी टाकली, तेव्हा तो वर आला. चप्पल आतच राहिली. काका म्हणाले, ‘‘आज पुनव. पाणी दुपारीच भरून गेलं. फोटो काढायचेत तर आठमीला या.’’

त्यामागचा हिशेब कोकण किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे पाणी दुपारच्या सुमारास भरतं आणि सहाच्या आसपास पुरती ओहोटी असते. अष्टमीला आठची पाऊणपट सहा. नेमकं सूर्यास्ताला पाणी भरलेलं. वद्य पक्षातही पुन्हा प्रतिपदेपासूनच मोजायचं. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून त्या दिवसाचं भरती-ओहोटीचं कोष्टक एकदा बघून घ्यावं.

अष्टमीचा आणखी एक फायदा असतो. पौर्णिमा-अमावस्येच्या उधाणाला मुंबईच्या किनाऱ्यावर भरती साडेचार मीटरच्या आसपास चढते आणि तितकीच खाली ओसरते. अष्टमीच्या भांगाला पाणी कमी चढतं, कमी उतरतं, ओढही कमी असते. वारा पडलेला असेल तर प्रतिबिंब स्वच्छ मिळतं.

तरीही चिखलात उतरू नका. किल्ल्याला तीन बाजूंनी पाणी आणि दलदल आहे. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या फौजेनेसुद्धा सुरुंग लावले ते उत्तरेच्या, जमिनीकडच्या तटाला. धक्क्यावर बसून कॅमेरा पाण्याच्या जवळ नेला तरी काम भागतं.

आपल्याकडे शरदात पानं लाल होत नाहीत, तेव्हा परदेशी फोटोंतले रंग इथे शोधू नका. पावसाने धुतलेलं आकाश, पांढरे ढग, तटावरचं हिरवं गवत शेंड्याकडून पिवळं पडत जाणं, ही इथली शरदाची खूण. गवताला साडेचारनंतरचं तिरपं ऊन हवं. ऑक्टोबरच्या दुपारचं ऊन सगळं भगभगीत करून टाकतं. महिनाभरात सूर्यास्त वीसेक मिनिटं अलीकडे सरकतो, तेव्हा मागच्या खेपेच्या वेळेवर विसंबू नका. मोबाइलवर काढत असाल तर आकाशावर बोट टेकवून उजेड ठरवा, नाहीतर ढग पांढरेफटक येतात.

किल्ला पुरातत्त्व खात्याकडे आहे; ट्रायपॉड लावायचा असेल तर परवानगीची चौकशी आधी करा. किल्लाबंदर आणि पाचूबंदरला याच दिवसांत वलांडीवर बोंबील वाळत घातलेले दिसतात. फोटो सुरेख येतो, पण ते कुणाचं तरी अंगण असतं. तिथल्या बायकांना आधी विचारा. नको म्हणाल्या तर पुढे चला. घरी आल्यावर कॅमेरा आधी किंचित ओलसर, मग कोरड्या मऊ फडक्याने पुसून मगच बॅगेत ठेवा, खारी हवा धातूला खाते.

दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनाही हाच हिशेब लागू. अमावस्येलाही उधाण, म्हणजे संध्याकाळी पुन्हा चिखलच. कोजागरी आणि लक्ष्मीपूजन यांच्या बरोबर मध्ये आश्विन वद्य अष्टमी येते. गर्दी नसते, खाडी भरलेली असते. सुट्टी टाकायचीच असेल, तर त्या दिवशी टाका.