पहिली एकांकिका उभी करताना

डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा केंद्रीय युवक महोत्सव हा छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव या चार जिल्ह्यांतल्या पोरापोरींचा पहिला मोठा रंगमंच. माझी पहिली एकांकिका तिथेच झाली. पुढे नव्या संघांच्या तालमींना बसत गेलो. महोत्सवात रंगमंच आपल्याला रिकामा मिळतो आणि रिकामाच परत द्यायचा असतो. सगळी आखणी तिथून सुरू करावी, असं माझं ठाम मत आहे.

१. आधी नियमावली, मग संहिता. आंतरविद्यापीठ महोत्सवाच्या नियमांनुसार एकांकिकेला ३० मिनिटं मिळतात, मांडणी-आवराआवरीला १०, आणि कलाकार जास्तीत जास्त ९. छापील एकांकिका बहुधा याहून लांब असते. काटछाट लेखकाला विचारून आणि तालमींच्या आधीच करा. नटाची हालचाल वाक्याला बांधलेली असते. पाठ झालेलं वाक्य शेवटच्या आठवड्यात काढलं की पायही अडखळतात.

२. तालमीत २६ मिनिटांवर थांबा. उरलेला वेळ प्रेक्षकांचा. युवक महोत्सवातली पोरं हसतात, शिट्ट्या मारतात, टाळ्या थांबवत नाहीत. हशा ओसरेपर्यंत थांबायची मुभा नटाला हवी, नाहीतर पुढचं वाक्य वाया जातं.

३. नेपथ्याचीही तालीम घ्या. ठोकळे, एखादी चौकट, एखादा पडदा पुरे. जे 'छोटा हत्ती' टेम्पोत मावेल आणि चौघांना उचलता येईल तेवढंच न्या. कोणता ठोकळा कोण, कोणत्या विंगेतून आणणार हे ठरवा आणि घड्याळ लावून लावा-काढा. मांडणी शांतपणे झाली की पहिली एन्ट्रीही शांतपणे होते.

४. जागा बघून या. छत्रपती संभाजीनगरच्या संत एकनाथ रंगमंदिरात किंवा तापडिया नाट्यमंदिरात अंधार करता येतो. भर दुपारच्या मंडपात ब्लॅकआउट होतच नाही. शेजारच्या रंगमंचावरची ढोलकीही ऐकू येते. म्हणून प्रसंगबदल प्रकाशावर सोपवू नका. नट वळला, ठोकळा हलला, गाण्याची ओळ आली, एवढ्यावर बदल कळला पाहिजे. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो का, हे मैदानात उभं राहून तपासा.

५. आपल्या बोलीत बोला. गेवराईच्या मुलीला पुणेरी उच्चार शिकवण्यात तालमी घालवू नका. तिच्या बोलीचा ठसका आणि आपल्या शहरातली दखनी यांतून पात्रं उभी राहतात. मात्र बोली हशा मिळवण्यापुरती वापरू नका. त्याच बोलीत माणूस रडतोही आणि भांडतोही.

६. पार्श्वसंगीत देणारा पहिल्या वाचनापासून हवा. प्रकाशवालाही. आदल्या दिवशी हातात क्यूंची यादी दिली तर तो बटणं दाबेल. रोज तालमीला बसलेला मुलगा नटाचा श्वास ओळखतो. नट एखादं वाक्य विसरला तरी तो सांभाळून घेतो.

७. निकालानंतर संघ मोडू नका. चंद्रकांत कुलकर्णी, प्रशांत दळवी यांची 'जिगीषा' ही नाट्यसंस्था छत्रपती संभाजीनगरातच उभी राहिली आणि पुढे मुंबईला गेली. एकत्र काम करत राहण्याची केवढी ताकद असते, ते त्यात दिसतं. बक्षीस मिळो न मिळो, परीक्षकांचं म्हणणं लिहून घ्या आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा भेटा. बाहेर प्रयोग करायचा तर लेखकाची लेखी परवानगी आणि रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. ते काम वेळेत सुरू करा. मग तुमच्यातल्या एखाद्याच्या गावात, गावकऱ्यांसमोर प्रयोग लावा. तिथे ना गुण असतात ना शिट्ट्या मारणारे मित्र. नाटक पोचलं की नाही, हे तिथे नक्की कळतं.