उडणारं झुरळ आणि नहाणीची वाटी

मे महिना संपता संपता रत्नागिरीहून रात्री साडेअकराला डोंबिवलीत घरी पोचलो. घर चोवीस दिवस बंद होतं. कुलूप काढलं, दिवा लावला, आणि देवघराच्या वरून एक झुरळ उडालं ते थेट माझ्या खांद्यावर. मी किंचाळले, माझं ऐकून मुलगी किंचाळली आणि ह्यांनी हातातली आंब्याची पेटी सोडली. दोन डझन हापूसपैकी नऊ आंबे धड राहिले. बाकीच्यांचा त्याच रात्री एक वाजता आमरस केला, आणि तो करताना सासूबाईंनी विचारलं, "दारं-खिडक्या सगळं बंद होतं, मग हे मेलं आलं कुठून?"

त्याचं उत्तर मिळायला मला दोन पावसाळे लागले. मधल्या काळात जे जे केलं, जे फसलं आणि जे कामाला आलं, ते मांडते आहे.

१. उडतंय म्हणजे ते झुरळच, असं समजू नका.

पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती तपकिरी भुंगेरे घोंगावतात, ट्यूबलाइटवर टपटप आपटतात. आमच्या मजल्यावरच्या एका वहिनींनी अशा भुंगेऱ्यांसाठी पेस्ट कंट्रोलवाला बोलावला होता. ओळख सोपी आहे. भुंगेरा फुगीर आणि टणक, त्याच्या मिशा आखूड. झुरळ चपटं, मिशा जवळजवळ अंगाइतक्या लांब, पायांवर काटे, आणि वरून पाहिलं तर डोकं ढालीखाली दडलेलं. शिवाय भुंगेरा दिव्याकडे येतो. दिवा लावल्यावर जे ओट्याखाली पळतं, ते झुरळ.

२. मोठं आणि लहान, ही एकाच कुटुंबातली माणसं नव्हेत.

मी बरीच वर्षं समजत होते की लहान झुरळं वाढून मोठी होतात आणि मोठी झाली की उडतात. तसं नाही. आपल्या घरात बहुतेक वेळा दोन वेगळ्या जाती असतात.

मोठं ते खारकेएवढं, साडेतीन-चार सेंटीमीटरचं, लालसर तपकिरी. मानेवरच्या ढालीवर पिवळट कडा. याचं नाव अमेरिकन झुरळ, मूळ मात्र आफ्रिकेकडचं. जहाजांतून जगभर गेलं. गटार, चेंबर, ड्रेनेजचे पाइप हे त्याचं खरं घर. उडतं ते हेच. याची पिल्लं बिनपंखांची असतात आणि वाढायला सहा महिने ते वर्ष घेतात. म्हणून पंख नसलेलं लालसर झुरळ दिसलं तर ती वेगळी जात नव्हे, ते याचंच पोर.

लहान ते फार तर दीड सेंटीमीटरचं, फिकट तपकिरी, मानेवर दोन काळ्या उभ्या रेघा. हे जर्मन झुरळ. याला पंख पूर्ण असतात, पण ते उडत नाही. राहतं फ्रीजच्या मोटरमागे, मिक्सरच्या खाली, ट्रॉल्यांच्या बिजागऱ्यांत. जर्मन म्हणायचं एवढंच. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात ही जात सुमारे २१०० वर्षांपूर्वी भारत किंवा म्यानमारच्या बाजूला आशियाई झुरळापासून निघाली, असं दिसलं. म्हणजे आपल्याच शेजारपाजारचं निघालं की!

हा फरक कळला तेव्हा माझं अर्धं काम झालं. उडणारं झुरळ बाहेरून आलेलं असतं. न उडणारं आपल्याकडे जन्मलेलं असतं. पहिल्यासाठी वाट बंद करायची, दुसऱ्यासाठी स्वयंपाकघर उपसायचं. मी वर्षानुवर्षं उलटं करत होते: मोठं दिसलं की सगळे डबे काढून ओटा धुवायचा, आणि मिक्सरखालची चार लहान दिसली तर "असू देत, उडत तर नाहीत" म्हणून सोडून द्यायचं.

३. ते अंगावर धावून येत नाही, नुसतं खाली येतं.

हे मला खांद्यावर झुरळ घेऊन शिकावं लागलं. अमेरिकन झुरळ काही पट्टीचं उडणारं नव्हे. बहुतेकदा ते उंचावरून सुटतं आणि तरंगत, जेमतेम दिशा सांभाळत खाली उतरतं. भिंतीच्या वरच्या टोकाला ते आणि खाली आपण, अशी मांडणी असली तर उतरण्याच्या वाटेत आपणच येतो. उकाड्यात त्याचे स्नायू तयार असतात म्हणून एप्रिल-मे आणि पावसाळ्यातल्या दमट रात्री हा प्रकार जास्त. डिसेंबरात तेच झुरळ मुकाट्याने चालतं. तेव्हा झुरळ छताजवळ असेल तर त्याच्या समोर, खालच्या बाजूला उभं राहून झाडू उगारू नका. बाजूला व्हा. ते आधी खाली येऊ दे.

४. चपलेचा वारा चपलेच्या आधी पोचतो.

बारावीला मी झुरळ चिरलेलं आहे. मेणाच्या ट्रेमध्ये टाचण्या मारून, त्याची लाळग्रंथी अख्खी बाहेर काढल्याबद्दल सरांची शाबासकीही मिळवली आहे. मेलेल्या झुरळापुढे मी शूर होते. त्याच्या मागच्या टोकाला दोन बारीक शेंडे असतात, त्यांवर केस असतात आणि हवेची हालचाल त्यांना कळते. सेकंदाच्या साधारण विसाव्या भागात झुरळ वळून पळायला लागतं, आणि पळतं ते सेकंदाला दीड मीटरपर्यंत. चप्पल वरून आपटली की तिच्यापुढचा वारा आधी पोचतो. सासूबाई झुरळ मारत नसत, त्यावर डबा उपडा घालत. हळू, वरून न आपटता. मग खालून पुठ्ठा सरकवायचा. त्यांचा नेम मी चुकलेला पाहिला नाही.

५. डब्यावरचं चित्र बघा, आणि देव्हाऱ्यातला दिवाही.

बाजारात काळा डबा माश्या-डासांचा आणि लाल डबा झुरळांचा. आमच्या ह्यांचं म्हणणं, "झुरळ उडतंय, म्हणजे उडणाऱ्या किड्यांचा डबा आणायला हवा." आणला. झुरळाने तो फवारा अंगावर घेतला आणि कपाटामागे निघून गेलं. उडो वा न उडो, ते झुरळच, डबा लालच.

यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे हे फवारे पेट घेतात. एका संध्याकाळी देव्हाऱ्याजवळ निरांजन तेवत होतं आणि मी झुरळाच्या मागे धावताना त्या दिशेने फवारा मारला. भक्कन ज्वाळा उठली. पडद्याची कड जळाली, भुवईचे थोडे केस गेले. गॅस चालू असताना, दिवा-उदबत्ती लागलेली असताना हात आवरा.

६. साबणाचं पाणी.

पाणी भरलेल्या फवारणीच्या बाटलीत भांडी घासायच्या लिक्विडचा एक चमचा. झुरळ पोटाच्या बाजूच्या बारीक छिद्रांनी श्वास घेतं. साबणाचं पाणी तिथे बसलं की थोड्या वेळात ते थंड होतं. भिंतीवरच्या झुरळावर मारलं तर बहुधा उडताही येत नाही. विष नाही, वास नाही. फरशी मात्र लगेच पुसा. आमचे हे घसरले होते, आणि तेव्हा झुरळ राहिलं बाजूला, हळद-मीठ गरम करण्यात रात्र गेली.

७. डांबरगोळ्यांनी फक्त कपड्यांना आणि पोळ्यांना वास येतो.

नहाणीच्या जाळीवर वर्षभर ठेवून पाहिल्या. झुरळं त्यांच्या शेजारून येत होती. घरात लहान मूल असेल तर तर नकोच. ते तोंडात घालतं.

८. नहाणीची वाटी.

आता त्या बंद घराचं कोडं. दुसऱ्या पावसाळ्यात गॅलरीतल्या नहाणीतून पाणी वर यायला लागलं म्हणून प्लंबर बोलावला. त्याने जाळी उचलली, आत हात घातला आणि विचारलं, "काकू, वाटी कुठाय?"

कसली वाटी?

प्लंबर ज्याला नहाणी ट्रॅप म्हणतात, त्यात एक उलटी वाटी बसवलेली असते. तिच्यामुळे दोनेक इंच पाणी कायम अडून राहतं. ते पाणी म्हणजे झाकण: ड्रेनेजचा वास आणि ड्रेनेजमधली झुरळं त्याच्या पलीकडे राहतात. पाणी लवकर जात नाही, केस अडकतात, म्हणून पुष्कळ घरांतून ही वाटी कोणीतरी काढून ठेवतं. आमच्याकडची सासूबाईंनी काढली होती. कुठे गेली ते त्यांनीच दाखवलं. तुळशीशेजारी, मिरचीची रोपं घातलेली ती हिरवी वाटी. निदान पाच वर्षं तीत आम्ही रोपं करत होतो आणि गॅलरीतून चेंबरपर्यंत झुरळांना मोकळा रस्ता होता.

बाथरूमच्या नहाणीत वाटी होती. पण चोवीस दिवस मे महिन्याच्या उन्हाळ्यात पाणी पडलं नाही, तेव्हा आतलं पाणी आटलं. पाणी आटलं की वाटी असून नसल्यासारखी. देवघरावरचं ते झुरळ तिथूनच आलं असणार.

प्लंबरने वाटी परत बसवली, वॉशिंग मशीनचा पाइप जाळीत जिथे सैल शिरत होता तिथे रबरी रिंग घातली, आणि सिंकखालचा वेस्ट पाइप जिथे भिंतीत जातो तिथली बोटभर फट पांढऱ्या सिमेंटने बुजवली. तीनशे रुपये घेतले. त्याआधीच्या दोन वर्षांत डबे, खडू, गोळ्या यांवर मी किती घालवले ते ह्यांना अजून सांगितलेलं नाही.

आता गावाला जाताना प्रत्येक नहाणीत, सिंकमध्ये आणि बेसिनमध्ये तांब्याभर पाणी ओतते, वर चमचाभर गोडं तेल. तेलाचा तवंग असला की पाणी लवकर आटत नाही. कमोडचं झाकण खाली. एवढं करून गेलं की घर उघडताना आंबे हातात सुरक्षित राहतात.

९. लहान झुरळांना बोरिक, पण फवाऱ्यासोबत नको.

बोरिक पावडर, कणीक, साखर, थोडं दूध, अशा गोळ्या आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होत आल्या. त्या चालतात, पण सावकाश, आणि ओल्या जागी निकामी होतात. मुलांच्या नि मांजरांच्या तोंडी लागणार नाहीत अशा फटीत ठेवायच्या.

जेल जास्त चांगलं. पेस्ट कंट्रोलवाला बिजागऱ्यांत, फ्रीजमागे मोहरीएवढे ठिपके लावून जातो. झुरळ ते खाऊन लपायच्या जागी जाऊन मरतं आणि त्याची विष्ठा नि मेलेलं झुरळ खाऊन इतरही मरतात. आमच्याकडे पहिल्यांदा ठिपके लागले त्या संध्याकाळी सासूबाईंनी ओल्या फडक्याने सगळे पुसून काढले, "किती घाण करून गेलाय मेला." दुसऱ्यांदा मी स्वतः शेजारी फवारा मारला, झुरळांनी जेलकडे पाहिलंही नाही. फवाऱ्याच्या वासाने ती त्या जागेपासून दूर राहतात आणि आमिष वाया जातं. दोन्हींपैकी एक निवडा. जेलचा गुण आला नाही तर वेगळं जेल मागा: लहान झुरळांच्या काही पिढ्यांना ग्लुकोज कडू लागायला लागलंय, आणि गोड आमिष त्या तोंडाला लावत नाहीत.

१०. खोकी रात्रभर घरात ठेवू नका.

ऑनलाइन खरेदीचे पुठ्ठे, किराण्याची पोती, माळ्यावरचं मखराचं सामान. मोठ्या झुरळाची अंड्यांची कुपी उडदाच्या दाण्याहून मोठी, काळपट, पैशाच्या पाकिटासारखी असते. एकीत चौदा-पंधरा अंडी. पुठ्ठ्याच्या घड्यांत ती चिकटलेली सापडते. लहान झुरळाची मादी आपली कुपी पोटाशी धरून फिरते, तीत तीस-चाळीस. अंडी फवाऱ्याने मरत नाहीत हे लक्षात ठेवा. कुपी दिसली तर चिरडा किंवा पिशवीत बांधून बाहेर टाका.

११. घाबरायचंच असेल तर लहानाला घाबरा.

माझ्या भाचीला दम्याचा त्रास. डॉक्टरांनी तपासायच्या आधीच विचारलं, "घरात झुरळं आहेत का?" झुरळांची विष्ठा, कात, मेलेल्या अंगाचा भुगा धुळीत मिसळतो आणि त्याने दमा चाळवतो. हे पाप मुख्यतः त्या न उडणाऱ्या, न दिसणाऱ्या गर्दीचं. एक मोठं झुरळ उडालं की आपण सोसायटी जागी करतो. ट्रॉलीमागच्या दोनशे लहानग्यांबद्दल कोणी ओरडत नाही.

१२. डक्टचं काय?

वाट बुजवली, वाटी बसवली, तरी अधूनमधून एखादं यायचंच. इमारतीच्या मागे पाइपांचा डक्ट आहे. चेंबरमधून झुरळं पाइपावरून चढतात आणि संडासाच्या खिडकीतून आत येतात. त्या खिडकीला बारीक जाळी बसवली, एक्झॉस्ट पंख्यालाही झडप लावली.

गेल्या पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, घरात ३ उडणारी झुरळं आली. जाळी बसल्यानंतर एकही नाही. खाली कंपाउंडमध्ये चेंबरचं झाकण एका कोपऱ्यात फुटलेलं आहे. ते बदलण्याचा आमचा पहिला अर्ज २०२१ चा. सोसायटीच्या फायलीत त्याच्यावर आता आणखी तीन अर्ज आहेत.