पोप बारावे पायस : भिंतीवरचा मजकूर आणि कपाटातली पत्रे

दुसऱ्या महायुद्धात नाझींनी सुमारे ६० लाख यहुदी लोकांची कत्तल केली. तेव्हा पोप बारावे पायस गप्प का राहिले, असे कुणी विचारले की आपण एकतर चिडतो किंवा विषय बदलतो. दोन्हीपेक्षा माहिती करून घेतलेली बरी.

१९६३ साली एका जर्मन नाटकाने हा आरोप जगभर पोहोचवला. पुढच्या वर्षी पोप सहावे पॉल यांनी येशूसंघीय धर्मगुरूंना व्हॅटिकनची युद्धकाळातील कागदपत्रे छापण्यास सांगितले. १९८१ पर्यंत ११ खंड निघाले. पण निवड व्हॅटिकननेच केलेली, म्हणून शंका राहिली. १९९९ मध्ये तीन कॅथलिक व तीन यहुदी अभ्यासकांचे मंडळ नेमले. त्यांनी ४७ प्रश्न काढले, पण मूळ दप्तर पाहायला न मिळाल्याने २००१ मध्ये काम थांबवले.

वाद पेटला तो जेरुसलेमच्या याद वाशेम संग्रहालयात. तेथील फलकावर पोपमहोदयांनी निषेध केला नाही, असे लिहिले होते. २००७ साली व्हॅटिकनच्या राजदूतांनी स्मृतिदिनाला न येण्याचा इशारा दिला; शेवटी ते गेले. २०१२ मध्ये फलक बदलला आणि दोन्ही बाजू त्यावर आल्या.

पोप फ्रान्सिस यांनी २ मार्च २०२० रोजी ते दप्तर खुले केले. (कोरोनामुळे काही दिवसांतच वाचनालय बंद करावे लागले!) त्यातून आपल्या सोयीचेच निघेल, असे मात्र नव्हते. २०२३ मध्ये १४ डिसेंबर १९४२ चे एक पत्र प्रसिद्ध झाले. एका जर्मन येशूसंघीयाने पोपमहोदयांच्या खासगी सचिवांना त्यात बेल्झेक छावणीतील रोजच्या हत्यांबद्दल कळवले होते. दहा दिवसांनी, नाताळच्या रेडिओ भाषणात, वंशामुळे मरणाला लावलेल्या निरपराध लाखोंचा उल्लेख पोपमहोदयांनी केला. पण यहुदी हा शब्द उच्चारला नाही. हे वाचताना जीव कासावीस होतो, तरी ते लपवून ख्रिस्तसभेची सेवा होणार नाही.

त्याच वर्षी रोममध्ये दुसरे कागद मिळाले. येशूसंघीय फादर गोझोलिनो बिरोलो यांनी १९४४-४५ मध्ये केलेली ती यादी. धर्मभगिनींच्या १०० व पुरुषांच्या ५५ संघांनी ४,३०० हून अधिक माणसांना आसरा दिला होता. नावानिशी नोंद असलेल्यांपैकी सुमारे ३,२०० जण यहुदी असल्याची खात्री रोमच्या यहुदी समाजाच्या दप्तराशी ताडून झाली.