औषधालयातील देवाणघेवाण : निदानपरिवर्जनाची आवश्यकता

व्याधी बळावल्यावर धावपळ करण्यापेक्षा हेतू टाळावा, हे निदानपरिवर्जनाचे तत्त्व आपण रुग्णांना नित्य सांगतो. स्वतःच्या गल्ल्याच्या व नोंदींच्या बाबतीत मात्र आपणांस त्याचा विसर पडलेला दिसतो.

ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या संगणक प्रणालीत शिरून चोरट्यांनी सुमारे ९४ कोटी रुपये पळविले. बनावट कार्डांनी २८ देशांतील एटीएममधून रकमा काढल्या गेल्या. आपल्यासारख्या लहान व्यावसायिकांसाठी चोराला एवढे श्रम पडत नाहीत. किल्ली बहुधा आपणच हाती देतो.

आपल्या चंद्रपूर-गडचिरोली भागात या हेतूला देशाचीही जोड आहे. एटापल्ली, भामरागडकडील ज्या गावांत रेंज येते-जाते, तेथे बँकेचा संदेश उशिरा येतो आणि तो येण्यापूर्वीच औषध देण्याची सवय अंगवळणी पडते. माझ्याच औषधालयात एका अनोळखी गृहस्थाने च्यवनप्राश व तेलांचे १,८४० रुपये भरल्याचे चित्र स्वतःच्या मोबाइलवर दाखविले. रात्री हिशेब पाहता खात्यात काहीच नव्हते. काउंटरवरील मुलगा ती रक्कम पगारातून कापून घ्या म्हणाला. मी घेतली नाही, कारण नियम न घालून देण्याचा दोष माझा होता. आता आपल्या खात्यात रक्कम दिसल्याशिवाय औषध जात नाही. रेंज नसेल तर रोख, आणि ओळखीच्या रुग्णास उधारीची वही आहेच.

पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीही लागत नाही, हे काउंटरवरील प्रत्येकास पाठ असावे. हिरडा-बेहड्याच्या व्यापाऱ्याकडून ‘खाते बदलले’ असा संदेश आल्यास जुन्या क्रमांकावर फोन करून आवाज ऐकावा, मगच रक्कम पाठवावी.

याहून घातक प्रकार एपीके फाईलचा. लग्नपत्रिका किंवा वाहनदंडाची पावती म्हणून ती व्हॉट्सॲपवर येते, कित्येकदा परिचिताच्याच क्रमांकावरून, कारण त्याचा मोबाइल आधीच बाधित झालेला असतो. ती पत्रिका नसून ॲप बसविण्याची फाईल असते. बसविताना संदेश वाचण्याची अनुमती दिली की ओटीपी परस्पर चोराकडे जातो. घरातील मुले ज्या मोबाइलवर खेळतात, त्यावर औषधालयाचे खाते ठेवू नये.

संगणकाविषयी थोडक्यात. विंडोज ७ साठीची सुरक्षा-दुरुस्ती जानेवारी २०२० मध्ये थांबली. तरीही बिलांसाठी तोच वापरणारे वैद्यबंधू आहेत. मे २०१७ मध्ये वॉनाक्रायने जगभरातील संगणकांतील फाईली कुलूपबंद केल्या, त्यात ब्रिटनमधील रुग्णालयेही होती. रुग्णनोंदींची प्रत दर आठवड्याला वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्यावी व ती डिस्क काढून कपाटात ठेवावी. जोडलेलीच राहिली तर तिलाही तीच बाधा होते. वंध्यत्व वा मानसरोगाची नोंद एकदा बाहेर गेली की परत येत नाही, म्हणून पासवर्ड संगणकाच्या पडद्याला चिकटवून ठेवण्याची प्रथा तरी बंद करावी.

फसवणूक झाल्यास लाजेने दिवस दवडू नयेत. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ग्राहकाची जबाबदारी तक्रारीच्या वेळेशी जोडली. ओटीपी आपणच दिला असला, तरी बँकेला कळविल्यानंतरचे नुकसान बँकेवर टाकले. प्रथम बँक, लगेच १९३० हा राष्ट्रीय मदत क्रमांक. रक्कम पुढच्या खात्यात जाण्यापूर्वी गोठविता आली तरच ती हाती लागण्याची आशा असते. हे दोन्ही क्रमांक मोबाइलमध्ये नव्हे, गल्ल्याशेजारी कागदावर लिहून लावावेत.