‘टिज’ : इंग्रजीतील एक जुने संक्षिप्त रूप

महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी हा विषय इयत्ता पहिलीपासून सुरू झाला आणि त्याबरोबर इंग्रजी गाणी व कविता खेड्यांतील शाळांपर्यंत येऊन पोहोचल्या. पाठ्यपुस्तकाबाहेरची एखादी जुनी कविता शाळेच्या ग्रंथपेटीतून किंवा मोबाइलवरून वर्गात येते आणि तिच्यात मध्येच ‘टिज’ हा शब्द भेटतो. टी, आय, एस ही तीन अक्षरे, आणि त्यांच्या आधी, शब्दाच्या आरंभीच, वर टांगलेले स्वल्पविरामासारखे एक चिन्ह. हे चिन्ह शब्दाच्या पोटात पाहण्याची सवय असते. शब्दाच्या डोक्याशी ते दिसले की छपाईची चूक वाटते. मग कोणी शिक्षक ते चिन्ह खोडतो, तर कोणी ‘इट्स’ अशी ‘शुद्ध’ ओळ मुलांकडून पाठ करून घेतो. वस्तुतः शुद्ध करण्यासारखे तेथे काहीच नसते. रूप जुने असते, इतकेच.

‘टिज’ म्हणजे ‘इट इज’. (यातील ‘ज’चा उच्चार ‘गाजर’मधील ‘ज’सारखा करावा.) हे मुलांना पटवून देण्यास फळा, खडू आणि फडके एवढी सामग्री पुरते. ‘इट इज’ हे दोन शब्द इंग्रजी लिपीत जवळ जवळ लिहावेत. त्यांत आय हे अक्षर दोनदा येते, ते मुलांकडूनच शोधून घ्यावे. आता पहिला आय पुसावा आणि त्याच्या जागी ते चिन्ह काढावे. ‘टिज’ तयार झाले. पुन्हा दोन्ही शब्द लिहून या खेपेस दुसरा आय पुसावा आणि तेथे चिन्ह काढावे. ‘इट्स’ तयार झाले. एकाच जोडीतून दोन रूपे निघाली. फरक पुसलेल्या अक्षराच्या जागेचा आहे, अर्थाचा नाही. मुलांनी हे एकदा डोळ्यांनी पाहिले म्हणजे त्या चिन्हाचे काम वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

या चिन्हास इंग्रजीत ॲपॉस्ट्रफी म्हणतात. मराठीत त्यास लोपचिन्ह म्हणता येईल. इंग्रजी लेखनात ते १६ व्या शतकात फ्रेंचच्या अनुकरणाने आले. संस्कृत शिकलेल्या शिक्षकास ते परके वाटू नये. ‘सः अहम्’ यांचा संधी होऊन ‘सोऽहम्’ होते, तेव्हा लोप पावलेल्या ‘अ’ची खूण म्हणून अवग्रह घालतात. अवग्रह ओळीवर बसतो आणि ॲपॉस्ट्रफी वर टांगते, पण दोघांचे सांगणे एकच : येथे एक अक्षर होते. लहान वर्गांत संस्कृत नसते. तेथे घड्याळाचा पाठ उपयोगी पडतो. ‘टेन ओक्लॉक’ हे मुले रोज म्हणतात. त्यातील ओ नंतरचे चिन्ह म्हणजे ‘ऑफ द क्लॉक’ या तीन शब्दांतून गळालेल्या अक्षरांची खूण होय.

मराठीतही असा संकोच होतो, फक्त आपण त्यास चिन्ह देत नाही. ‘जातो आहे’चे बोलण्यात ‘जातोय’ होते, ‘झाले आहे’चे ‘झालंय’ होते. येथे ‘आहे’ आपले आरंभीचे अंग गमावून मागील शब्दास टेकते. ‘इट्स’मध्ये हेच घडते, ‘इज’ मागे टेकतो. ‘टिज’मध्ये मात्र उलट आहे. तेथे सर्वनाम झिजते आणि पुढील क्रियापदास चिकटते. आपल्या कानास ‘इट्स’ सहज वाटते आणि ‘टिज’ चमत्कारिक वाटते, त्याचे एक कारण या टेकण्याच्या दिशेत असावे.

दोहोंत जुने रूप ‘टिज’ हेच. शेक्सपियरच्या काळी, म्हणजे १६ व्या शतकाच्या अखेरीस आणि १७ व्याच्या आरंभी, ‘टिज’ हे नेहमीचे बोलीतले रूप होते व ‘इट्स’ विरळा. हॅम्लेटच्या सुप्रसिद्ध स्वगतात दुसऱ्याच ओळीत ते येते. गोपाळ गणेश आगरकरांनी ‘विकारविलसित’ या नावाने १८८३ साली मराठीत आणलेले नाटक ते हेच. राजापासून पहारेकऱ्यापर्यंत सर्व पात्रांच्या तोंडी हे रूप आढळते, म्हणून ते ‘काव्यमय’ किंवा ‘भारदस्त’ आहे अशी समजूत करून देऊ नये. आज ते तसे वाटते, कारण आज ते जुने झाले आहे. त्याच पिढीत, १६११ साली प्रसिद्ध झालेल्या राजा जेम्सच्या बायबलात मात्र ‘इट इज’ असे पूर्ण रूपच योजिले आहे. बोलण्याची भाषा आणि देवळात वाचण्याची भाषा यांतील अंतर इंग्रजीतही होते.

पुढे १७११ साली ‘स्पेक्टेटर’ या पत्रात जोसेफ ॲडिसनने तक्रार केली, की इंग्रज लोक शब्द आखडून भाषेत व्यंजनांची दाटी करीत आहेत. त्याने नावे घेतली ती ‘कान्ट’, ‘शान्ट’, ‘वोन्ट’ यांसारख्या रूपांची. त्याच वर्षी अलेक्झांडर पोपचे समीक्षेवरील दीर्घकाव्य प्रसिद्ध झाले. त्याचा पहिलाच शब्द ‘टिज’ हा आहे. आणि खुद्द ॲडिसनच्या ‘केटो’ या १७१३ मधील शोकनाटकातही ‘टिज’ सापडते. स्वतःच्या कानात मुरलेला संकोच कोणासच संकोच वाटत नाही! ज्या ‘कान्ट’ आणि ‘वोन्ट’वर तेव्हा टीका झाली ती आज शाळेत शिकविली जातात.

१८ व्या व १९ व्या शतकांत गद्यातून व बोलण्यातून ‘इट्स’ने ‘टिज’ला हळूहळू मागे सारले. कवींनी मात्र ते सोडले नाही. टेनिसनच्या १८५० मधील ‘इन मेमोरियम’मध्ये ते आहे. याच्या भावंडांपैकी ‘ट्वॉज’, म्हणजे ‘इट वॉज’, मुलांच्या साहित्यात विशेष भेटते. नाताळाच्या आदल्या रात्रीवरील १८२३ ची प्रसिद्ध इंग्रजी कविता आणि लुइस कॅरोलची ‘जॅबरवॉकी’, जी त्याच्या १८७१ मधील पुस्तकात आली, या दोन्ही ‘ट्वॉज’नेच सुरू होतात. ‘ट्विल’, ‘ट्वुड’ ही त्याच घराण्यातील. ‘ओव्हर’, ‘नेव्हर’, ‘एव्हर’ यांतील व्ही गाळून केलेली कवितेतील रूपे निराळ्या प्रकारची आहेत, तथापि त्यांच्यातील चिन्हाचे काम तेच.

कवींनी हे रूप का जपले? शेक्सपियरच्या पद्यओळीत सामान्यतः दहा उच्चारावयव असतात. एक हलका, एक आघाताचा, असा क्रम चालतो. ‘इट इज’ यास दोन अवयव लागतात, ‘टिज’ला एक. शिक्षकाने उत्साहाने पूर्ण रूप भरले की ओळ अकरा अवयवांची होऊन लंगडते. ‘इट्स’लाही एकच अवयव लागतो, मग तेच घातले तर काय बिघडले, असा प्रश्न हुशार विद्यार्थी विचारील. मोजणी बिघडत नाही, नाद बिघडतो. ‘टिज’मध्ये ‘इज’ हे क्रियापद अखंड राहते, त्यामुळे त्यावर जोर देता येतो. ‘इट्स’मध्ये क्रियापदाचा केवळ ‘स’ उरतो आणि ‘स’वर जोर देता येत नाही. म्हणूनच ‘इज इट रेनिंग?’ या प्रश्नास ‘टिज’ एवढे उत्तर पुरे होते. नुसते ‘इट्स’ म्हणून थांबणे मात्र इंग्रजीत चालत नाही.

अर्थ सांगताना एक काळजी घ्यावी. या रूपातील ‘इट’चे भाषांतर दर वेळी ‘ते’ असे करू नये. पुष्कळदा ते नुसते जागा भरणारे सर्वनाम असते. ‘टिज लेट’ म्हणजे ‘ते उशीर आहे’ नव्हे, ‘उशीर झाला आहे’. मराठीस अशा भरतीच्या कर्त्याची गरज पडत नाही, आणि मुले तो शोधीत बसली की कवितेचा अर्थ हरवतो.

दुसरा घोटाळा ‘त्याचे’ या अर्थाच्या ‘इट्स’चा. त्यात आज चिन्ह नाही. १७ व्या व १८ व्या शतकांत मात्र या अर्थाचे ‘इट्स’सुद्धा चिन्ह घालून लिहीत, त्यामुळे जुन्या छापील प्रतीत तसे आढळल्यास गोंधळून जाऊ नये. ‘टिज’ला अशी अडचण नाही, ते ‘इट इज’खेरीज दुसरे काही असूच शकत नाही.

विद्यार्थ्यांनी हे रूप ओळखावे, वाचावे. निबंधात व पत्रात लिहू नये. लिहिलेच तर गुण कापण्याऐवजी शेजारी आजचे रूप लिहून द्यावे. शिक्षकाने स्वतः प्रश्नपत्रिका संगणकावर तयार केली असेल तर चिन्ह तपासून पाहावे. शब्दाच्या आरंभी ते टंकित केले की संगणक त्यास अवतरणचिन्ह समजतो आणि इंग्रजी सहाच्या आकड्यासारखे वळवतो. ते इंग्रजी नऊच्या आकड्यासारखे हवे.

आणि हे रूप सर्वस्वी मृत आहे असेही वर्गात सांगू नये. आयर्लंडातील लोकांच्या इंग्रजीत ते आजही ऐकू येते. त्यांच्या मूळ आयरिश भाषेत ‘होय’ आणि ‘नाही’ यांस स्वतंत्र शब्द नाहीत. प्रश्नातील क्रियापदच उत्तरात परत म्हणतात. ती सवय त्यांच्या इंग्रजीत उतरली आणि ‘टिज’ हे तेथे होकाराचे उत्तर होऊन बसले. फ्रँक मकोर्ट या आयरिश-अमेरिकन लेखकाने १९९९ मधील आपल्या आत्मकथनास हेच एका शब्दाचे नाव दिले. ‘घरी गुरुजी आहेत का?’ या प्रश्नास ‘आहेत’ एवढेच उत्तर देणाऱ्या मराठी मुलास ही रीत समजण्यास मुळीच अवघड जाणार नाही.