आंदणातला पलंग

आमच्या बिलोली-देगलूर भागात लग्नसराईत आंदणाचा टेम्पो दारात लागला की गल्ली जमते. पलंगाची पाठ किती उंच, आरसा बसवलाय का, गादी किती जाड, सगळं बघून होतं. तळाला काय आहे हे मात्र कुणी बघत नाही. माझ्या सुनेच्या माहेराहून आलेला पलंग असाच होता. चकचकीत सनमायका, खाली सामान ठेवायला पेटी, वर आठ इंची गादी. वर्ष भरायच्या आत सून खाली सतरंजी टाकून झोपायला लागली. विचारलं तर म्हणे, "उकडतंय हो आत्याबाई." मुलगा सकाळी कमरेवर हात ठेवून उठायचा, पण बोलायचा नाही. व्याह्यांनी हौसेनं दिलेल्या वस्तूला नावं कोण ठेवणार?

शेवटी एका दुपारी दोघीच घरात होतो, तेव्हा चादर ओढून काढली. गादीवर या काठापासून त्या काठापर्यंत सुतळी ताणून धरली आणि मधे पोराची पट्टी उभी केली. चांगला दोन बोटं खड्डा. मग तीच गादी उचलून फरशीवर टाकली, पुन्हा सुतळी धरली, तर खड्डा जवळपास गेलेला! दोष गादीचा नव्हताच. पलंगाचा तळ म्हणजे पातळ प्लायचे दोन तुकडे, मधोमध जोडलेले. त्या जोडाखाली एकच बारीक पट्टी, आणि तिला जमिनीचा टेकू नाही. दोन माणसांचं वजन रोज रात्री त्या जोडावर. गादी बिचारी खालच्या तळासारखी वाकत होती.

म्हणून गादी बदलायच्या आधी ती चार-सहा रात्री फरशीवर टाकून झोपून बघा. कंबर दुखायची थांबली तर पलंग दुरुस्त करा. फरशीवरही खड्डा राहिला तरच गादीला दोष द्या. आमच्या सुतारमामांनी १८ मिलिमीटरचा प्लाय टाकला, खाली आडव्या दांड्या वाढवल्या आणि मधोमध जमिनीला टेकणारा पाय दिला. नव्या गादीच्या मानानं खर्च किरकोळ. त्याला किनवटचं सागवान लागत नाही. पट्ट्यांचा पलंग असेल तर दोन पट्ट्यांमधली फट तीन इंचांवर जाऊ देऊ नका, फोम त्या फटीत उतरतो. लोखंडी पलंगाची वेल्डिंग वर्षातून एकदा हात फिरवून बघावी. पेटीच्या पलंगात हवा खेळत नाही, पावसाळ्यात गादीला खालून बुरशी धरते. मामांकडून तळाला भोकं पाडून घेतली, तेवढ्यानं भागलं.

उकडण्याची तक्रार मात्र खोटी नव्हती. गादी नवी दिसावी म्हणून कारखान्याचं प्लास्टिक तसंच ठेवलेलं होतं. घाम जाणार कुठे? ते पहिल्या दिवशीच फाडायचं. दुसरी गोष्ट दुकानात कळत नाही. मेमरी फोम ऊन-थंडीप्रमाणे बदलतो, थंडीत आखडतो आणि उकाड्यात मऊ पडतो. निजामाबादच्या किंवा नांदेडच्या एसी शोरूममध्ये जी गादी अंगाला बेताची लागते, ती आमच्याकडे मे महिन्यात, वीज गेलेल्या रात्री, माणसाला आत ओढून घेते. एसी नसलेल्या घरात मला तरी तो नको. काथ्याची रबर लावलेली गादी त्या मानानं हवेशीर आणि ताठ राहते.

साधा फोम घेताना विक्रेता घनता सांगतो, बत्तीस, चाळीस वगैरे. म्हणजे एका घनमीटरचं वजन किती किलो, एवढंच. त्यावरून गादी कडक की मऊ हे ठरत नाही, ती किती टिकेल याचा अंदाज येतो. तो आकडा खरा की खोटा हे मोजता येतं. ७२ बाय ३६ इंचांची पाच इंची अखंड फोमची गादी बत्तीस घनतेची असेल तर खोळीशिवाय साधारण पावणेसात किलो भरते, चाळीसची असेल तर साडेआठ. आमच्या ह्यांनी नंतर एक गादी थेट आडतीवरच्या काट्यावर चढवली, हमाल हसत होते. हसू द्या. फक्त वजन वाढवायला फोममध्ये खडूची भुकटी घालणारेही असतात. चेन उघडून फोम बोटांनी चोळावा, भुगा सुटला तर नमस्कार करून निघावं.

कंबरदुखीला फळीसारखी कडक गादी हवी, हे आपल्याकडे पक्कं बसलंय. स्पेनमध्ये जुनी कंबरदुखी असलेल्या ३१३ जणांवर प्रयोग झाला. तो २००३ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. त्यात कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवाल्यांचं दुखणं जास्त कमी झालं. तेव्हा कुशीवर झोपून बघा, खांदा आणि कमरेची बाजू थोडी रुतली पाहिजे, पाठ वाकता कामा नये.

आणि कापसाच्या गादीला मोडीत काढू नका. आमच्या घरी पांढरा कापूस बाजारात जायचा, कवडी, म्हणजे डागी कापूस, वेचून घरच्या गादीला राहायची. गादी दबते, गोळे होतात, पण पिंजाऱ्याकडून पुन्हा पिंजून घेतली की उभी राहते. फोमला ही सोय नाही. रुई समोर तोलून भरून घ्यावी, नाहीतर वर रुई आणि आत चिंध्यांचा रंगीत भुसा निघतो. अधूनमधून ऊन दाखवायचा आळस असेल तर मात्र तिच्या वाटेला जाऊ नये.

आमच्याकडे खरी अडचण निघाली ती बिलाची. बिल व्याह्यांच्या नावावर, वॉरंटी कार्ड त्यांच्या कपाटात. मागायचं म्हणजे बोभाटा. शिवाय बऱ्याच कार्डांवर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, अमुक इंचापेक्षा कमी खड्डा चालायचा, डाग पडला तर हक्क गेला, तळ सपाट नसला तरी गेला. म्हणून बिल झोपणाऱ्याच्या नावावर, जीएसटीसह, पक्कं घ्यावं. दारात टेम्पो आणून विकणारे ते देत नाहीत, आणि पुढच्या हंगामात सापडतही नाहीत. पक्कं बिल असेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करता येतो. २०१९ च्या कायद्यानं दुकान परगावचं असलं तरी आपल्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी लागत नाही.

धाकट्या लेकीच्या वेळी पलंग लग्नात पाठवलाच नाही. लग्न झाल्यावर दोघांना दुकानात नेलं, म्हटलं, चप्पल काढा आणि झोपा. जावई लाजले, लेक पाच मिनिटं डोळे मिटून पडून राहिली. विहीणबाई अजून रुसलेल्या आहेत. त्यांचं म्हणणं, मांडवात चार लोकांनी बघितलं नाही, तर दिलं काय न दिलं काय.